पदक नंतर, मस्टर आधी

दर चार वर्षांनी फेब्रुवारीत, मुंबईत पंखे पुन्हा चारवर जायला लागतात त्या सुमाराला, टीव्हीवर हिवाळी ऑलिंपिकमधलं कर्लिंग दिसतं आणि व्हॉट्सअॅपवर विनोदांचा रतीब सुरू होतो. बर्फावर वाकून जिवाच्या आकांताने झाडू मारणारी चार माणसं, आणि खाली ओळ: ‘आमच्या हिने भाग घेतला असता तर सुवर्ण घरात होतं.’ विनोदाला माझी हरकत नाही. पण या खेळातल्या विजेत्यांची चरित्रं चाळली तर एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते, आणि ती आपल्या फार कामाची आहे. या माणसांना नोकऱ्या असतात. कुणी शेतकरी, कुणी वकील, कुणी दुकान सांभाळणारा. जगज्जेतेपद मिळवून सोमवारी कामावर हजर.

स्वीडनच्या अॅनेट नोरबर्गचं उदाहरण घ्या. २००६ मध्ये तुरिनला ऑलिंपिक सुवर्ण, २०१० मध्ये व्हँकुव्हरला पुन्हा सुवर्ण. दोन्ही अंतिम सामने जादा डावात गेले आणि दोन्ही ७-६ असे सुटले. तिच्या नावावर तीन विश्वविजेतेपदं आहेत. व्हँकुव्हरनंतर संघातल्या बाकीच्या तिघी निवृत्त झाल्या, तर हिने नव्या मुली घेऊन २०११ चं विश्वविजेतेपद पटकावलं. ही बाई पेशाने अॅक्च्युअरी, म्हणजे विम्याचं गणित मांडणारी. कोण किती वर्षं जगेल आणि कंपनीने किती पैसे राखून ठेवावेत, याचे हिशेब करणारी. ही नोकरी तिला खेळाडू म्हणून मेहरबानीने मिळालेली नव्हती. तिला ते काम येत होतं म्हणून मिळालेली होती.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. साधारण ४५ मीटर लांबीची बर्फाची पट्टी, तिच्या टोकाला वर्तुळं, त्याला म्हणतात हाउस. १८ ते २० किलोचा ग्रॅनाइटचा दगड हळूच सोडायचा आणि त्या वर्तुळाच्या मध्याशी नेऊन थांबवायचा. हे ग्रॅनाइट प्रामुख्याने स्कॉटलंडजवळच्या एल्सा क्रेग नावाच्या छोट्याशा बेटावरचं. बर्फ गुळगुळीत ठेवत नाहीत, त्यावर पाण्याचे थेंब शिंपडून बारीक पुरळ उठवतात. दगडापुढे झाडू मारला की ते क्षणभर तापतं, आणि दगड जास्त लांब, जास्त सरळ जातो. आपला दगड नेमका बसवायचा, दुसऱ्याचा उडवायचा, कधी मुद्दाम आडोसा उभा करायचा आणि शेवटचा दगड आपल्या हाती राहील असं बघायचं. परळ-लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला यातलं काहीही नवीन नाही. हा बर्फावरचा कॅरम आहे. बोरिक पावडर किती टाकायची, पावसाळ्यात बोर्ड जड झाला की स्ट्रायकरला किती जोर लावायचा, ही अक्कल आणि कर्लिंगमधली अक्कल एकाच घरातली. (कर्लिंगमध्ये आपली चूक आपणच कबूल करायची, पंचाने पकडायची वाट बघायची नाही, असा रिवाज आहे. हा भाग मात्र आपल्या चाळीतल्या कॅरमला नवा वाटेल.)

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या जॉन शुस्टरची. २००६ मध्ये त्याला कांस्यपदक मिळालं तेव्हा संघाचा कर्णधार होता पीट फेन्सन, पिझ्झाची दुकानं चालवणारा. पुढे शुस्टर स्वतः कर्णधार झाला आणि घसरगुंडी सुरू झाली. २०१० मध्ये व्हँकुव्हरला इतके वाईट सामने गेले की एका सामन्यात त्याला बाहेर बसवलं. २०१४ मध्ये सोचीला दहा संघांत नववा क्रमांक आला. मग अमेरिकेच्या संघटनेने ‘हाय परफॉर्मन्स’ कार्यक्रम आखला, निवडक खेळाडू घेतले आणि शुस्टरला वगळलं. कागदावर निर्णय बरोबरच होता. त्याला कोण घेणार?

शुस्टरने मग आपल्यासारखेच बाहेर राहिलेले तिघे गोळा केले. टायलर जॉर्ज दारूच्या दुकानाचा व्यवस्थापक. जॉन लँडस्टाइनर इंजिनियर. मॅट हॅमिल्टनलाही त्या कार्यक्रमात जागा मिळाली नव्हती. शुस्टर स्वतः खेळाच्या सामानाच्या दुकानात कामाला. या चौघांनी २०१५ च्या राष्ट्रीय स्पर्धेत त्या निवडक कार्यक्रमातल्या संघांना हरवलं. २०१८ मध्ये प्योंगचांगला पहिल्या सहा सामन्यांत चार हरले. त्यानंतर एकही हरायची सोय नव्हती, आणि ते हरले नाहीत. अंतिम सामन्यात स्वीडनशी सात डावांनंतर ५-५ अशी बरोबरी होती. आठव्या डावात शुस्टरने एकाच दगडात पाच गुण काढले. शेवट १०-७. टायलर जॉर्जच्या पायातले जुने, फाटके बूट त्या आठवड्यात जगभर गाजले.

या कथेतला ‘जिद्द असेल तर सारं काही’ हा धडा काढणारे पुष्कळ आहेत, त्यांना तो लखलाभ. मला त्यात दुसरंच दिसतं. संघटनेने वगळल्यावरही या संघातल्या माणसांना आपापली कामं होती. निवड समितीच्या मर्जीवर त्यांची चूल पेटत नव्हती, म्हणून ते ‘नाही’ ऐकून घेऊ शकले. आपल्याकडे एखाद्या कबड्डीपटूला किंवा खो-खोपटूला संघातून वगळलं तर पुढच्या महिन्याचं भाडं कुठून येतं, हे कुणी विचारलंय?

मुंबईला हे विचारायची फार काळ गरज पडली नाही, कारण या शहरात उत्तर तयार होतं. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉनमध्ये. टाइम्स शिल्डमध्ये कंपन्या आणि बँका एकमेकींशी ईर्ष्येने खेळायच्या आणि त्या ईर्ष्येपोटी नोकऱ्या द्यायच्या. क्रिकेटचं सोडा, ते पुढे स्वतःच्या पायावर उभं राहिलं. कबड्डीत रेल्वे, भारत पेट्रोलियम, एअर इंडिया, महिंद्र यांचे संघ, कॅरममध्ये बँका, आयुर्विमा महामंडळ, तेल कंपन्या. २०१६ मध्ये बर्मिंगहॅमला जागतिक कॅरम स्पर्धा जिंकणारा प्रशांत मोरे रिझर्व्ह बँकेचा. मराठी वर्तमानपत्रांत कॅरमची बातमी वाचली की खेळाडूच्या नावामागे गाव नसतं, कचेरी असते. ‘रिझर्व्ह बँकेचा अमुक, आयुर्विम्याची तमुक.’ जगज्जेत्याची ओळख त्याच्या मस्टरवरून होते, ही मुंबईची रीत, आणि मला तिचा अभिमान वाटतो.

ही रीत आता आक्रसत चालली आहे. सरकारी बँकांची विलीनीकरणं झाली, कारकुनी भरती रोडावली. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली. खासगी कंपन्यांना आता संघ नको, जाहिरातीत चेहरा हवा. कबड्डीला २०१४ पासून प्रो लीग मिळाली, कोटीच्या बोली लागतात, आनंद आहे. पण लिलावात ज्याचं नाव पुकारलं जात नाही त्याचं काय, आणि ज्या खेळांची लीगच होत नाही त्यांचं काय? केंद्राच्या टॉप्स (टार्गेट ऑलिंपिक पोडियम स्कीम) योजनेत निवडलेल्या मुख्य खेळाडूला महिना ५० हजार रुपये मिळतात, पण ती योजना ऑलिंपिकच्या खेळांसाठी. कॅरम ऑलिंपिकमध्ये नाही, मल्लखांब नाही, खो-खो नाही. चेन्नईच्या मारिया इरुदयम यांना कॅरमसाठी अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९६ चा. मान मिळाला, उत्तमच. मानाने वीजबिल भरता येत नाही.

पण जुन्या व्यवस्थेचे गोडवे गाताना एक गोष्ट लपवायची नाही. मी स्वतः बँकेत काम केलं आहे, कुठल्या ते सांगण्याची गरज नाही. आमच्या फोर्टच्या शाखेत एक कॅरमपटू होता. राष्ट्रीय पातळीचा, हात असा की लंच टाइममध्ये बघायला शेजारच्या कचेरीतली माणसं यायची. खेळाडू म्हणून भरती झालेला. सकाळी सही करायची, अकराच्या सुमाराला सरावाला निघायचं. स्पर्धेसाठी वर्षाला तीस दिवसांची विशेष रजा वेगळी. साहेब प्रेमळ होते. ‘तू खेळ रे बाबा, इथलं आम्ही बघतो,’ म्हणायचे. त्याला कधी कर्जाच्या फाइलला हात लावू दिला नाही, कधी कॅशला बसवलं नाही. खात्याच्या परीक्षा त्याने दिल्या नाहीत, कारण कुणी दे म्हणालंच नाही. मग संगणक आले, सगळी खाती एका प्रणालीवर गेली, आणि त्याला साधी एन्ट्री टाकता येईना. चाळिशीच्या आसपास नेम ढळायला लागला, पदकं थांबली, आणि ज्यांच्याबरोबर तो लागला होता ते अधिकारी झाले. त्याला बसवलं आवक-जावकला. दिवसभर पाकिटांवर शिक्के मारायचा. नव्या मुलांना तो कोण होता हे माहीतही नव्हतं, आणि जे जाणत होते ते ‘आयुष्यभर फुकटचा पगार खाल्ला’ म्हणायचे. कॅरमबद्दल तो आमच्याशी पुढे बोलायचा नाही.

त्याचं वाटोळं खेळाने केलं असं मला वाटत नाही. आम्ही केलं, प्रेमाने. नोकरी त्याला दान म्हणून दिली आणि दान दिल्यावर त्याच्याकडून कामाची अपेक्षाच ठेवली नाही. नोरबर्गमध्ये आणि त्याच्यात फरक हाच. तिची दुसरी कारकीर्द पहिलीच्या बरोबरीने वाढत होती, याची सुरूच झाली नाही. कर्लर वयाच्या चाळिशीतही जिंकतात हे खरं, पण प्रत्येक खेळ इतका दयाळू नसतो. कबड्डीपटूचे गुडघे पस्तिशीच्या आधीच हिशेब मागायला लागतात.

आता सरकारी बाजू. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. केंद्राने २०२० मध्ये आपल्या यादीतले खेळ ४३ वरून ६३ केले, त्यात मल्लखांब आला, रस्सीखेच आली. मग तक्रार कसली? तक्रार अशी की हे आरक्षण खेळाडूला नोकरी देतं, नोकरी करणाऱ्याला खेळ देत नाही. प्रमाणपत्र दाखवा, आत या. आत आल्यावर तुम्ही खेळता की नाही, सरावाला वेळ मिळतो की नाही, हे बघणारं कुणी नाही. तलाठी म्हणून लागलेल्या खो-खोपटूने दुपारी चारला मैदानावर जायचं कसं? म्हणजे ज्या क्षणी नोकरी मिळते त्या क्षणी खेळ संपतो. आणि खेळ संपवण्यासाठीच ज्याची किंमत आहे त्या कागदाचा बाजार मांडला जाणार, यात नवल काय? ट्रॅम्पोलिनच्या बोगस प्रमाणपत्रांचं प्रकरण मराठवाड्यात गाजलं ते असंच. उडी न मारताच माणसं नोकरीत पोहोचली. नोकरीत रोज खेळावं लागलं असतं तर या बोगस वीरांपैकी किती जणांनी अर्ज केला असता?

दुसरीकडे बक्षिसं. पॅरिसला २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्यपदक मिळवलं आणि राज्य सरकारने एक कोटी जाहीर केले. हरयाणा किती देतं, आपण किती देतो, यावर मग महिनाभर वाद रंगला. वाद चुकीच्या जागी होता. कुसाळे मध्य रेल्वेत २०१५ पासून नोकरीला होता. पदकाआधीची नऊ वर्षं त्याच्या हातात रायफल राहिली त्यात त्या नोकरीचा वाटा किती, हा प्रश्न कुणाला पडला नाही. कोट्यवधींचं बक्षीस म्हणजे वरातीमागून घोडं. ज्याला पदक मिळालं त्याला ते मिळतं, म्हणजे ज्याचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटला आहे त्यालाच. चौथा आलेला घरी जातो. राज्य अजिंक्यपद जिंकून राष्ट्रीयला बाद झालेली मुलगी तर बातमीतही येत नाही. बक्षिसाला फोटो असतो, पगाराला नसतो, हे मी समजू शकतो. राजकारण्यांनी फोटोचा विचार करू नये असं म्हणण्याइतका मी भोळा नाही.

माझ्याविरुद्धचा सगळ्यात भक्कम पुरावा कर्लिंगमधलाच आहे आणि तो मांडल्याशिवाय पुढे जाणं बरं नाही. स्कॉटलंडची ईव्ह म्युरहेड. मेंढपाळ शेतकऱ्याच्या घरात जन्म, वडील गॉर्डन स्वतः १९९९ च्या विश्वविजेत्या संघातले. हिने चार वेळा ज्युनिअर विश्वविजेतेपद, २०१३ मध्ये सीनियर विश्वविजेतेपद आणि २०१४ मध्ये ऑलिंपिक कांस्य मिळवलं. २०१८ मध्ये कांस्यपदकाच्या लढतीत शेवटचा दगड चुकला आणि पदक जपानकडे गेलं. नंतर नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया. २०२१ च्या विश्वस्पर्धेत तर संघाला ऑलिंपिकची जागाही मिळाली नाही, डिसेंबरमध्ये पात्रता फेरी खेळावी लागली. आणि तिथून दोन महिन्यांत बीजिंगला जपानचाच १०-३ असा फडशा पाडून सुवर्ण. ही पूर्ण वेळ खेळाडू होती. ब्रिटनमध्ये लॉटरीच्या पैशातून अशा खेळाडूंना पोसलं जातं, फिजिओ, मानसोपचारतज्ज्ञ, बर्फ, प्रवास, सगळं. तिची शस्त्रक्रिया, तिचं पुनरागमन, नऊ जणींच्या तुकडीतून निवडलेला संघ, हे दुकानात काम करून जमलं असतं का? नसतं. कॅनडा २०१८ मध्ये पुरुष आणि महिला दोन्ही संघांत पदकाविना परतला, तेव्हा तिथेही हीच चर्चा झाली: नोकरी सांभाळून खेळण्याचे दिवस सरले का?

शिखरावर सरले असतील. ते मी मान्य करतो. पण म्युरहेडने २०२२ च्या ऑगस्टमध्ये निवृत्ती घेतली तेव्हा ती ३२ वर्षांची होती. तिला २०२६ च्या ऑलिंपिकसाठी ब्रिटनच्या पथकाचं प्रमुखपद मिळालं. तसं पद देशात एकच असतं. आणि लॉटरीचा पैसा पदकाच्या शक्यतेला चिकटलेला असतो, शक्यता गेली की तोही जातो. ज्या देशाकडे त्या पातळीची तिजोरी आहे त्याने पूर्ण वेळ खेळाडू जरूर पोसावेत. आपण मुंबईत बोलतो आहोत ते मल्लखांब, कॅरम, खो-खो, कबड्डीच्या दुसऱ्या फळीबद्दल.

म्हणून मला नमुना हवा आहे तो कोरियाचा, आणि तोही त्यातल्या ठेचेसह. २०१८ मध्ये दक्षिण कोरियाच्या ज्या पाच मुलींनी रौप्य मिळवलं त्या बहुतेक उईसंग या लसणासाठी प्रसिद्ध असलेल्या गावच्या. तिथे २००६ मध्ये कर्लिंगचं केंद्र उभं राहिलं आणि शाळा सुटल्यावर करायचं काय म्हणून त्या तिकडे वळल्या. पाचही जणींचं आडनाव किम. कर्णधार किम उन-जंग मोठा चष्मा लावून संघातल्या मैत्रिणीला ‘योंगमी!’ अशी हाक मारायची आणि अख्खा देश तशी हाक मारायला लागला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या मुलींनी तक्रार केली: प्रशिक्षण आणि स्थानिक संघटना एकाच कुटुंबाच्या हातात, अपमानास्पद वागणूक, बक्षिसाचे पैसे आमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. सरकारी चौकशीत तक्रारीत तथ्य निघालं. सगळं एकाच कुटुंबाच्या मुठीत असलं की रौप्यपदकविजेत्यांचीही ही गत होते. आपल्याकडच्या जिल्हा संघटनांची कार्यकारिणी वाचताना एकच आडनाव चार वेळा दिसलं तर मला उईसंग आठवतं.

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. जुना करार संपला आणि २०२१ मध्ये या संघाला गांगनुंग शहराच्या नगर प्रशासनाने आपल्या पदरी घेतलं. कोरियात ही पद्धतच आहे, शहरं आणि प्रांत आपापले संघ पगारावर ठेवतात. गांगनुंगची लोकसंख्या दोन लाखांच्या आसपास. आपल्या एखाद्या वॉर्डात याहून जास्त माणसं राहतात. त्या शहराच्या पगारावर खेळत या मुलींनी २०२२ च्या विश्वस्पर्धेत रौप्य आणलं.

बृहन्मुंबई महानगरपालिकेचं २०२५-२६ चं अंदाजपत्रक ७४,४२७ कोटी रुपयांचं होतं. समजा पालिकेने साठ खेळाडू ठेवले, कबड्डी, खो-खो, मल्लखांब आणि कॅरम, मुलगे-मुली मिळून. प्रत्येकाला महिना चाळीस हजार धरले तरी वर्षाचे होतात २ कोटी ८८ लाख. शंभर रुपयांत अर्धा पैसाही नाही. पालिकेचे कर्मचारी खेळतात हे मला ठाऊक आहे, मी म्हणतो ते वेगळं. भरती प्रमाणपत्रावर करायची नाही, मैदानावर चाचणी घेऊन करायची, म्हणजे बोगस कागदाचा प्रश्नच उरत नाही. निम्मा दिवस सराव, निम्मा दिवस खरं काम, आणि ते काम आवक-जावकचं नव्हे. पालिकेला उद्यानं सांभाळायची आहेत, शाळांत खेळाचे तास घ्यायचे आहेत, मैदानांची देखभाल करायची आहे, हिशेब ठेवायचे आहेत, इमारतींची तपासणी करायची आहे. त्यासाठी लागणाऱ्या खातेनिहाय परीक्षा खेळाडूने द्यायच्या, त्यासाठी दोन वर्षं जास्त मिळतील, पण सूट नाही. संघात निवड झाली नाही तरी नोकरी शाबूत, आणि काम जमलं नाही तर इतरांना मिळेल तशीच नोटीस त्यालाही.

विरोध आयुक्तांकडून होईल असं मला वाटत नाही. तो आस्थापना विभागाकडून होईल. ‘निम्मा दिवस बाहेर असणाऱ्या माणसाची सेवाज्येष्ठता कशी मोजायची?’ असा शेरा मारून फाइल परत येईल, आणि खालचा कारकून कुरकुरेल की त्याचं उरलेलं निम्मं काम माझ्या टेबलावर का. त्याची कुरकुर मला रास्त वाटते, आमच्या शाखेत मीही ती केली होती. तेव्हा साठ खेळाडू घ्यायचे तर तीस माणसांची पदं जास्तीची मंजूर करा. खर्च दीडपट होईल, सव्वाचार कोटींच्या घरात जाईल. आणि सरावाचे तास सेवेत धरावेत हे ठरावातच लिहून टाका, म्हणजे पुढे लेखापरीक्षकाला उत्तर देत बसायला नको.